पाचशे प्रतींतली एक

नंदाखालच्या लिडिया टीचरांनी आयुष्यात दोन कादंबऱ्या लिहिल्या. पहिली सगळ्यांना ठाऊक होती आणि दुसरी जवळजवळ कोणालाच नाही. पहिलीचं नाव 'सातिवलीची सगुणा'. तिला दोन बक्षिसं मिळाली, ती काही वर्षं कॉलेजात अभ्यासाला होती, आणि अजूनही एखाद्या लग्नात अनोळखी बाई टीचरांचा हात धरून सांगायची की शेवटच्या पानावर सगुणाच्या हातात खोलीची किल्ली येते तेव्हा मी फार रडले. दुसरीचं नाव 'सगुणाचा अर्ज'. तिच्या पाचशे प्रती निघाल्या. त्यातल्या साडेतीनशे प्रकाशकाने टेम्पोत घालून परत पाठवल्या, त्या माळ्यावर सुकल्या नारळांशेजारी पडून होत्या. कोणीतरी एका मासिकात लिहिलं होतं, पहिली कलाकृती होती, ही नुसती तक्रार आहे.

पहिलीला पंचवीस वर्षं झाली, त्या वर्षी प्रियल नावाची एक तरुण प्राध्यापिका टीचरांकडे आली. कॉलेजात मोठा कार्यक्रम करायचं तिच्या मनात होतं. भाषणं होतील, मुलं काही प्रसंग सादर करतील, आणि जिच्यावरून सगुणा लिहिली त्या बाईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होईल. तिने जरा चाचरत विचारलं, "त्या बाई हयात आहेत ना, टीचर?"

टीचर म्हणाल्या, आहेत. पण शेवटचं भेटून किती वर्षं झाली, हे त्यांना चटकन सांगता आलं नाही.

त्या बाईंचं नाव भागूबाई. माहेर अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातलं. नवरा सातिवलीच्या एका गोदामात माल चढवायचा. एके दिवशी गोण्यांची थप्पी अंगावर कोसळून तो जागीच गेला, आणि ठेकेदाराने सांगितलं की हा माणूस आमच्या हजेरीपटावरच नाही. भागूबाईंचं वय तेव्हा पस्तीस, पोरगा भूपेश बारा वर्षांचा. टीचर त्या काळात शाळा सुटली की आठवड्यातून तीन दिवस सातिवलीत कामगार बायकांना लिहायला-वाचायला शिकवायला जात. भागूबाई तिथे आल्या. पहिले दोन महिने त्या पाटीवर फक्त आपलं नाव गिरवत होत्या. मालकाच्या कागदावर अंगठा उठवायचा नाही, एवढंच त्यांना शिकायचं होतं. त्यांची ती जिद्द टीचरांच्या मनात घर करून बसली. तिच्यातूनच सगुणा झाली.

कादंबरी किल्लीपाशी संपली. भागूबाईंचं आयुष्य तिथे संपायचं कारण नव्हतं. प्लॅस्टिकचे दाणे करणाऱ्या कारखान्यात दहा वर्षं काढल्यावर त्यांच्या छातीत असा खोकला बसला की डॉक्टरांनी काम सोडा म्हणून सांगितलं. मग निराधार योजनेचे थोडे पैसे दरमहा मिळायला लागले, तेही टीचरांनी चार फेऱ्या मारल्यावर. त्यावर भाडं आणि औषधं कशीबशी निघायची. भूपेश तोवर मोठा झाला होता आणि वेरावळच्या मासेमारी बोटीवर जात होता. ऑगस्टमध्ये जायचा तो मेअखेर परत यायचा. कधी पैसे पाठवायचा, कधी मालकाकडेच अडकायचे. पण कागदावर तो कमावता मुलगा होता, आणि कमावता मुलगा असलेल्या विधवेला मदत मिळत नाही, असं कचेरीतल्या कारकुनाने सांगितलं. त्याने ते काही वाईट बोलून सांगितलं नाही. नियम सांगितला.

तेव्हा एक अर्ज लिहिला गेला. 'माझा मुलगा घर सोडून गेला असून त्याचा ठावठिकाणा मला माहीत नाही.' अक्षर टीचरांचं होतं, सही भागूबाईंची. मदत चालू राहिली.

तो अर्ज टीचरांना बोचत राहिला. पुढच्या वर्षी त्यांनी दुसरी कादंबरी लिहिली ती त्याच्यासाठीच. सगळं त्यात होतं. रांगा होत्या, एकेका दाखल्यासाठी घातलेले हेलपाटे होते, आणि शेवटी जिवंत मुलाला हरवलेला म्हणणारी आई होती. अर्ज लिहून देणारी एक शिक्षिकासुद्धा होती. आपण स्वतःलाही सोडलं नाही, असं टीचरांना वाटायचं. पुस्तक कोणी वाचलं नाही याचं दुःख झालं तरी खरं ते लिहिलं, या एका गोष्टीवर त्या पुढे चौदा-पंधरा वर्षं शांतपणे जगल्या.

प्रियल येऊन गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी टीचर रिक्षा करून सातिवलीला गेल्या. गल्ली तीच होती, फक्त गोदामं उंच झाली होती आणि भागूबाईंच्या खोलीवर त्यांची सावली सकाळपासूनच पडत होती. भागूबाई दारात बसून सुकट निवडत होत्या. केस पांढरे झाले होते, अंग आणखी सुकलं होतं. टीचरांना पाहून त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पदराने पाट पुसला आणि चहा ठेवला. दोघी थोडा वेळ गुडघ्यांबद्दल बोलल्या, मासळीच्या भावाबद्दल बोलल्या. मग टीचरांनी कार्यक्रमाचं सांगितलं.

भागूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कंच्या पुस्तकाचा सत्कार?"

"पहिल्या. सगुणाच्या."

"आन दुसऱ्याचा?"

टीचर ओशाळल्यासारख्या हसल्या. म्हणाल्या, दुसरं कोणी वाचलंच नाही, भागूबाई, त्याचा सत्कार कोण करणार?

"भूपेशनं वाचलं," भागूबाई म्हणाल्या.

हे त्यांनी इतक्या साध्या आवाजात सांगितलं की टीचरांना त्यातलं काही लगेच कळलं नाही. मग भागूबाईंनी सावकाश सगळं सांगितलं. पुस्तक निघालं तेव्हा टीचरांनीच एक प्रत सही करून त्यांना आणून दिली होती. भागूबाईंनी ती देवाच्या फळीवर ठेवली. इतकं बारीक अक्षर त्यांना वाचवत नव्हतं, आणि आत काय आहे ते त्यांना ठाऊकच होतं. पुढच्या पावसाळ्यात बोटी बंद होत्या, भूपेश घरी होता. हाताला काम नाही म्हणून त्याने ते पुस्तक काढलं आणि दोन दिवसांत वाचून टाकलं. नावं बदलली होती, पण खोली हीच होती, गोण्यांची थप्पी तीच होती. वाचून झाल्यावर त्याने आईला एवढंच विचारलं की असा अर्ज खरंच केला होतास का. भागूबाई हो म्हणाल्या. त्याने आरडाओरडा केला नाही. दुसऱ्या दिवशी पिशवी भरली आणि म्हणाला, कागदावर मी नाही तर घरात तरी कशाला राहू. तो गेला तो परत आला नाही. आता कळंबला असतो, समुद्राकाठच्या कॉटेजींची राखण करतो. लग्न झालंय. दहा-अकरा वर्षांची मुलगी आहे, असं अर्नाळ्याची एक नातेवाईक सांगत होती. भागूबाईंनी नातीला पाहिलेलं नव्हतं.

टीचरांच्या हातातला चहा निवून गेला. इतकी वर्षं तुम्ही मला हे सांगितलं का नाहीत, असं त्यांनी विचारलं.

"काय बोलायचं? तुमी लिवलं ते खोटं न्हवतं." भागूबाईंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "दरसाल कचेरीत जाते. पोरगा सांभाळत न्हाय म्हनून लिवून देते. पयल्या साली ते खोटं व्हतं, टीचर. मंग आपोआप खरं झालं."

सत्काराला त्या येणार नाहीत, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही.

त्या आठवड्यात टीचरांचं कशात लक्ष लागलं नाही. चर्चमध्ये मिस्साला बसल्या तरी उपदेश कानावरून जायचा. आपल्या पुस्तकाला वाचक मिळाला नाही म्हणून आपण हळहळत होतो, आणि पाचशे प्रतींतली एक नेमकी ज्या घरात जायला नको होती तिथे आपण स्वतःच्या हाताने नेऊन दिली होती. वर सहीसुद्धा केली होती. शेवटी शुक्रवारी सकाळी त्यांनी कळंबची रिक्षा केली.

कॉटेजी सुरूच्या झाडांत होत्या. भूपेश पोहण्याच्या एका लहानशा तलावाचं पाणी बदलत होता, पाइप हातात धरून उभा होता. चाळिशी ओलांडलेला, उन्हाने रापलेला, कानशिलावर पांढरे केस. टीचरांनी त्याला ओळखलं ते त्याच्या बापासारख्या खांद्यांवरून. त्यानेही त्यांना लगेच ओळखलं. आतून प्लॅस्टिकची खुर्ची आणून सावलीत ठेवली, पाणी आणून दिलं आणि स्वतः तलावाच्या कठड्यावर बसला.

टीचरांनी सांगितलं की मला हे सगळं मागच्या आठवड्यात कळलं. माझी चूक झाली, ते पुस्तक मी तुमच्या घरात आणायला नको होतं. आई आजारी होती, मदत बंद झाली असती तर औषध सुटलं असतं, तिच्यावर राग धरू नकोस. हे सगळं त्या वाटेत मनाशी जुळवत आल्या होत्या.

त्यांचं बोलून झाल्यावर भूपेश म्हणाला, "टीचर, आई उपाशी राहिली असती तर मीच म्हटलं असतं, लिहा. मी मेलो असं लिहिलं असतं तरी चाललं असतं. मला त्याचं काही नाही."

"मग?"

"पान एकशे बारा. शिक्षिका विचारते, काय लिहू? आणि सगुणा एका दमात सांगते, लिहा, माझा पोरगा हरवलाय. जरासुद्धा थांबत नाही. लगेच सही करते." त्याने पाइपाचं तोंड दुसरीकडे वळवलं. "चौदा वर्षं मी त्या ओळीपाशी अडलोय. आईला एक घडीभर तरी जड गेलं असेल की नाही? तेवढंच सांगा. खरंच असंच झालं होतं?"

टीचर हो म्हणू शकल्या असत्या. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःलाही ते तसंच सांगितलं होतं. पण त्याने तो प्रश्न विचारला आणि ती संध्याकाळ जशी घडली तशी त्यांच्यासमोर उभी राहिली. एक नव्हे, तीन संध्याकाळी. कचेरीतून परत येताना, मुलाचा पत्ताच नसता तर गोष्ट वेगळी होती, हे कारकुनाचं बोलणं त्यांनीच उचललं होतं. मग आपण तसंच लिहू, असं त्याच म्हणाल्या होत्या. भागूबाई रस्त्यात थांबल्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी कागदाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी पेन घेतलं आणि खाली ठेवलं. म्हणाल्या, माझ्या हातानं पयलं नाव मी माझं लिवलं, दुसरं त्याचं लिवायला शिकले, आन आता त्याला पुसू? टीचरांनी त्यांना समजावलं. हा नुसता कागद आहे, कागदाने कोणी हरवत नाही, असं म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी खोकल्याबरोबर रक्त पडलं तेव्हा भागूबाईंनी सही केली, आणि सही झाल्यावर त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या.

"ते वाक्य तुझ्या आईचं नाही," टीचर म्हणाल्या. "माझं आहे."

मग त्यांनी त्याला तिन्ही संध्याकाळी सांगितल्या. काही गाळलं नाही. तलाव भरून पाणी कठड्यावरून वाहायला लागलं तरी भूपेश उठला नाही.

शेवटी त्याने विचारलं, "मग पुस्तकात ते आईच्या तोंडी का घातलंत?"

"माझ्या तोंडी घालायचा धीर झाला नाही."

तो उठला, मोटर बंद करून आला. म्हणाला, दुपारी पाहुणे यायचेत, खोल्या झाडायच्यात. टीचरांना रिक्षापर्यंत सोडायला मात्र तो आला. टीचरांनी त्याच्याकडे कसलंही आश्वासन मागितलं नाही.

तिथून त्या घरी न जाता थेट सातिवलीला गेल्या आणि भागूबाईंना सगळं सांगितलं. त्यांना हलकं वाटेल अशी टीचरांची समजूत होती, पण तसं काही झालं नाही. भागूबाई संतापल्या. इतक्या वर्षांत टीचरांनी त्यांना चिडलेलं पाहिलं नव्हतं.

"कशाला सांगितलंत? तुमचं नाव घेऊन सुटायचं असतं तर मी तवाच सुटले असते. तो विचारत व्हता तवा तोंडात आलं व्हतं. गिळलं मी. सही माझी व्हती ना?"

टीचरांच्या मनात आलं, लिहायला शिकवलं ते आपण, आणि सही म्हणजे काय असते हे मात्र या बाईला आपल्याहून जास्त कळलं होतं. थोड्या वेळाने भागूबाईंचा राग ओसरला. त्यांनी विचारलं, तो आता कसा दिसतो? टीचरांनी सांगितलं, खांदे बापासारखे आहेत. भागूबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि पुढे कितीतरी वेळ बारीकसारीक विचारत राहिल्या. अंगात सदरा कसला होता, खोकत तर नव्हता, पायात काय होतं.

कार्यक्रम ठरल्या दिवशी झाला. भागूबाईंना बरं नाही, असं टीचरांनी प्रियलला सांगितलं होतं. मुलांनी किल्लीचा प्रसंग छान केला, टाळ्या पडल्या. टीचरांना बोलायला उभं केलं तेव्हा त्या दोनच मिनिटं बोलल्या. ही गोष्ट मी जिथे थांबवली तिथे थांबणं मला सोपं होतं, जिची होती तिला नव्हतं, एवढंच म्हणाल्या. जे खरं सांगायचं होतं ते सभेत सांगण्यासारखं नव्हतं. भर सभेत आपण कबुली द्यायची, लोकांनी आपल्याला धीट म्हणायचं, आणि त्यापायी उद्या भागूबाईंच्या दारात चौकशी यायची, हे त्यांना कळत होतं. शाल घेऊन त्या घरी आल्या.

भूपेश त्यानंतर महिन्याभराने आईकडे गेला. रविवारची सकाळ होती, असं भागूबाईंनी फोनवर सांगितलं. बायको हेमांगी आणि मुलगी बरोबर होत्या. जुन्या गोष्टीचा एक शब्द कोणी काढला नाही. तो दाराशीच बसला, चहा प्यायला आणि छताचा एक पत्रा सैल झाला होता तो चढून ठोकून दिला. मुलगी आजीकडे टक लावून पाहत होती. जाताना तो सोता माझ्या पाया पडला न्हाय, पन पोरीला सांगितलं पड म्हनून, असं भागूबाई हसत म्हणाल्या. तेवढ्यावर त्या फार समाधानी होत्या. पुढे तो कधी महिन्याने, कधी दोन महिन्यांनी यायचा. कधी मासळी आणायचा, कधी रिकाम्या हाताने. चौदा वर्षं काही दोन चहांत भरून निघत नाहीत, पण येत होता.

वर्षअखेरीस कचेरीत पुन्हा अर्ज भरून द्यायची वेळ आली. भागूबाईंनी टीचरांना सोबत बोलावलं. दोघी बाकावर बसल्या. छापील कागदावर एक रकाना होता, सांभाळ करणारा मुलगा आहे किंवा नाही. टीचरांना पुढचं सगळं दिसत होतं. 'आहे' लिहिलं तर मदत थांबेल. मागच्या वर्षांचंही कोणी विचारील. भूपेश थोडंफार आणतो, पण औषधं त्यात भागायची नाहीत. हा रकाना तसाच कोरा ठेवू या, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. पुढे झुकल्यासुद्धा त्या. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण पुन्हा तेच करायला निघालो आहोत. त्यांनी हात मागे घेतला आणि पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या.

भागूबाईंनी चष्मा लावला. कागद गुडघ्यावर ठेवून एकेक अक्षर दाबून लिहिलं, भूपेश. भ ची गाठ जरा मोठी झाली. मग आडनाव लिहिलं, आणि पत्त्याच्या जागी कळंब.

खिडकीतल्या मुलीने कागद पाहिला, मागचं काहीतरी संगणकावर काढलं आणि भुवया उंचावल्या. तिने टीचरांकडे पाहून विचारलं की आजींना नीट कळलंय ना, इथे असं लिहिलं तर मदत थांबवावी लागते, मग म्हातारपणाच्या योजनेत नव्याने अर्ज करा, त्याला किती महिने लागतील सांगता येत नाही. टीचरांनी नुसतं भागूबाईंकडे पाहिलं. तेव्हा त्या मुलीने खिडकीतून जरा वाकून, आवाज चढवून भागूबाईंनाच विचारलं, "आजी, मुलगा आहे तुम्हाला?"

"हाय," भागूबाई म्हणाल्या. "कळंबला ऱ्हातो."

मुलीने शिक्का मारला. मदत पुढच्या महिन्यापासून बंद झाली. नवा अर्ज टीचरांनी त्याच आठवड्यात भरून दिला. उन्हाळा संपत आला तरी त्याचं उत्तर आलं नव्हतं, आणि औषधांच्या दुकानात टीचर न सांगता पैसे भरून यायच्या, हे भागूबाईंना कळूनही त्या काही बोलत नव्हत्या.